मेलिंग लिस्ट वाचायची कशात आणि जपायची कुठे: काही साधनांचे परीक्षण

मेलिंग लिस्टवरची, म्हणजे एकाच पत्त्यावर पाठवलेला संदेश सर्व सभासदांना पोहोचवणाऱ्या ई-मेल गटावरची, चर्चा वाचण्यासाठी साधन निवडताना आपण बहुधा त्याचा पडदा कसा दिसतो एवढेच पाहतो, आणि निवड चुकल्याचे काही वर्षांनी, एखादा जुना संदेश शोधण्याची वेळ आली की मगच कळते. मी बरीच वर्षे लहानमोठ्या नऊ मेलिंग लिस्टचा सभासद आहे. त्यांतल्या काहींवर महिन्याला दोन-चार संदेश येतात, तर एकीवर दिवसाला शेकडो. या काळात वेबमेल, डायजेस्ट, थंडरबर्ड, न्यूजरीडर, मट व नॉटमच यांची जोडी आणि अलीकडे पब्लिक-इनबॉक्स असे सगळे प्रकार मी मनापासून वापरून पाहिले. माझे मत आधीच सांगून टाकतो: वाचणे आणि जपणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि जे साधन ती दोन्ही एकाच झाकणाखाली बंद करून टाकते ते वाचायला कितीही सुखद असले तरी मी त्याला पूर्ण गुण देत नाही.

लिस्टवरचा संदेश आणि मित्राचे पत्र यांत वरवर फरक दिसत नाही, पण साधनाची खरी परीक्षा त्या फरकावरच होते. प्रत्येक संदेशाच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत, ‘मेसेज-आयडी’ ही त्याची स्वतःची ओळख असते. उत्तर देणाऱ्याचा क्लायंट, म्हणजे मेल वाचण्या-लिहिण्याचा कार्यक्रम, ‘इन-रिप्लाय-टू’ आणि ‘रेफरन्सेस’ या ओळींत मूळ संदेशाची आणि त्याच्या पूर्वजांची ओळख नोंदवतो, आणि कोणी कोणाला उत्तर दिले याची वंशावळ त्यावरूनच उभी राहते. चाळीस जणांच्या वादात तिसऱ्या क्रमांकाच्या आक्षेपाला कोणते उत्तर मिळाले हे पाहायचे असेल, तर ही वंशावळ दिसणे अनिवार्य आहे. केवळ तारखेप्रमाणे लावलेली रांग तिथे उपयोगाची नाही. दुसरी महत्त्वाची ओळ ‘लिस्ट-आयडी’ ही असून तिचे प्रमाणीकरण २००१ साली आरएफसी २९१९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजाने केले. लिस्टचे संदेश वेगळ्या फोल्डरमध्ये लावणारा फिल्टर नेहमी याच ओळीवर बेतावा. विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात येणाऱ्या लिस्टच्या नावावर बेतलेला फिल्टर, कोणी ते नाव पुसून उत्तर दिले की लगेच फसतो, आणि तो फसल्याचे आपल्याला कळतही नाही.

वेबमेलपैकी मी जीमेल सर्वांत जास्त वापरले. त्याची शोधयंत्रणा वेगवान आहे, लिस्ट-आयडीवरून फिल्टर करण्याची सोय मेनूमध्येच आहे आणि फोनपासून ग्रंथालयातल्या संगणकापर्यंत कुठेही तोच इनबॉक्स दिसतो. एक-दोन शांत लिस्टसाठी एवढे पुरेसे आहे. मात्र मोठ्या चर्चेसाठी त्याची रचनाच आड येते. जीमेलचे ‘संभाषण’ ही एक सरळ रांग असते, तिला फांद्या नसतात. शंभर संदेश झाले की ती रांग तुटून पुढचा भाग नवे संभाषण म्हणून सुरू होतो. आपण लिस्टला पाठवलेला संदेश लिस्टवरून परत आला तरी जीमेल त्याची प्रत इनबॉक्समध्ये वेगळी दाखवत नाही, कारण मेसेज-आयडी तोच असतो. नव्या सभासदाला आपला संदेश पोहोचलाच नाही असे वाटते आणि तो दुसऱ्यांदा पाठवतो. हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्याचे हसूही येत नाही. जमेच्या बाजूला मात्र एक मोठी गोष्ट आहे: गूगल टेकआउटमधून एखाद्या लेबलखालचे सर्व संदेश एमबॉक्स स्वरूपात, म्हणजे एकाच फाइलमध्ये, उतरवून घेता येतात, म्हणजे बाहेर पडण्याचे दार उघडे आहे. ते दार वर्षातून एकदा तरी उघडून पाहावे.

डायजेस्टविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दिवसभराचे संदेश एकत्र बांधून एकच गठ्ठा पाठवण्याची ही पद्धत इनबॉक्स हलका ठेवते, पण साध्या मजकुराच्या डायजेस्टमध्ये मूळ हेडरपैकी मोजकेच उरतात आणि वंशावळ नाहीशी होते. त्या गठ्ठ्यालाच उत्तर देणारे सभासद विषयाच्या ओळीत गठ्ठ्याचा खंड आणि अंक तसाच ठेवतात, त्यामुळे लिस्टवरच्या इतरांचीही चर्चा विस्कटते. घ्यायचेच असेल तर माइम स्वरूपाचे डायजेस्ट घ्यावे, कारण त्यात प्रत्येक संदेश स्वतंत्र जोडणी (अटॅचमेंट) म्हणून येतो आणि तो वेगळा काढता येतो. मी सुरुवातीच्या काळात एका लिस्टचे साधे डायजेस्ट चार वर्षे घेतले. पुढे त्या लिस्टचा सर्व्हर बंद झाला, तिथला संग्रहही त्याच्याबरोबर गेला, आणि माझ्याकडे उरले ते गठ्ठे. त्यांतून कोण कोणाशी बोलत होते हे आज मलाही सांगता येत नाही.

थंडरबर्ड हा संगणकावर बसवायचा मेल-कार्यक्रम, म्हणजे ज्यांना मांडणीवर वेळ घालवायचा नाही अशा वाचकांसाठी मी सुचवीन असे पहिले साधन आहे. २००४ च्या डिसेंबरात त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि तेव्हापासून थ्रेडची, म्हणजे एक संदेश आणि त्याच्या उत्तरांच्या साखळीची, फांद्याफांद्यांची मांडणी हे त्याचे बळ राहिले आहे. नव्या आवृत्त्यांत कार्ड आणि तक्ता अशी दोन दृश्ये मिळतात. लिस्टसाठी तक्ताच घ्यावा, कारण थोड्या जागेत अधिक ओळी मावतात. त्याच्या दोन कळा तर लिस्टच्या वाचकासाठीच केल्यासारख्या आहेत: ‘के’ दाबले की तो थ्रेड पुढे कितीही वाढला तरी दुर्लक्षित राहतो, आणि ‘डब्ल्यू’ दाबले की त्यावर नजर ठेवली जाते. दिवसाला शेकडो संदेश येणाऱ्या लिस्टवर वाचन म्हणजे नव्वद टक्के नकार देणे असते, आणि नकार एका कळीत देता येणे ही चैनीची गोष्ट नसून गरज आहे.

थंडरबर्डचा दुबळेपणा जपण्याच्या बाजूला आहे. मूळ मांडणीत प्रत्येक फोल्डर ही एक एमबॉक्स फाइल असते, म्हणजे सगळे संदेश एकापाठोपाठ एक चिकटवलेली एकच लांबलचक फाइल. संदेश पुसला तरी तो फाइलमध्ये राहतो आणि ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच खरोखर जातो. फोल्डरमध्ये एक नवा संदेश आला तरी फाइल बदलते, त्यामुळे फाइलनिहाय बॅकअप घेणारा साधा कार्यक्रम ती पूर्णच्या पूर्ण पुन्हा उचलतो. शिवाय एमबॉक्समध्ये नवा संदेश कुठे सुरू होतो हे ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरून ओळखले जाते, आणि मजकुरातली एखादी ओळ योगायोगाने त्याच शब्दाने सुरू झाली तर बहुतेक कार्यक्रम तिच्यापुढे एक कोनी खूण लावून तिला निरुपद्रवी करतात. ही खूण वाचकाला क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यामुळे मूळ मजकूर बदलतो आणि त्यावर डिजिटल स्वाक्षरी असेल तर ती जुळेनाशी होते. खूण कशी लावावी आणि कशी काढावी याबद्दल एमबॉक्सच्या निरनिराळ्या पोटप्रकारांत एकवाक्यता नाही. वाहतुकीसाठी एमबॉक्स उत्तम आहे, कारण जवळपास प्रत्येक साधन ते वाचते; कायमच्या वस्तीसाठी मी ते निवडणार नाही.

थंडरबर्डमध्येच न्यूजग्रुप, म्हणजे न्यूजसर्व्हरवर ठेवलेल्या चर्चा, वाचण्याची सोयही आहे, आणि तिच्यामुळे मला जीमेनची ओळख झाली. २००२ साली सुरू झालेली ही सेवा मेलिंग लिस्टचे संदेश न्यूजसर्व्हरवर आणून ठेवते, म्हणजे लिस्टचे सभासद न होता, इनबॉक्समध्ये एकही संदेश न येऊ देता, आपण हवे तेव्हा जाऊन हवी ती लिस्ट हव्या त्या वर्षापासून वाचू शकतो. केवळ वाचनाचा विचार केला तर याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. संदेश आपल्याकडे येत नाहीत, आपण त्यांच्याकडे जातो, आणि काय वाचून झाले याची नोंद आपल्या संगणकावर राहते. ‘न वाचलेले’ या आकड्याचे ओझे इनबॉक्सवर येत नाही ही मानसिक सोय कोणत्याही सुविधांच्या यादीत दिसत नाही, पण रोजच्या वापरात तीच सर्वांत मोलाची वाटते. जपण्याच्या दृष्टीने मात्र जीमेनचा इतिहासच सावध करणारा आहे. २०१६ साली त्याचे वेबवरचे दर्शन बंद झाले आणि त्याकडे बोट दाखवणारे असंख्य दुवे निकामी झाले. न्यूजसर्व्हर चालू राहिला, पण २०२० मध्ये त्यालाही नव्या पत्त्यावर जावे लागले. स्वयंसेवेवर चालणाऱ्या उपक्रमाला यात दोष देण्यासारखे काही नाही, इतकी वर्षे तो चालला हेच थोर आहे. तरीही जे दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे ते आपण फक्त पाहत असतो, आपल्याजवळ ते नसते.

हेच लिस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवरील अधिकृत संग्रहाबद्दलही म्हणता येते. मेलमन या लिस्ट चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पिढीतील पायपरमेल हा संग्रह महिन्यांच्या कप्प्यांत विभागलेला असतो, त्यामुळे ३१ तारखेला सुरू झालेला वाद १ तारखेला दोन तुकड्यांत दिसतो. महिन्याची संकुचित फाइल तिथून उतरवून घेता येते ही सोय चांगली, पण त्या फाइलमधले पत्ते बहुधा मोडतोड करून ठेवलेले असतात आणि जोडण्या काढून त्यांच्या जागी केवळ दुवे लावलेले असतात. म्हणजे ती मूळ प्रत नव्हे. २०१५ मध्ये आलेल्या मेलमन ३ बरोबरचा हायपरकिटी हा संग्रह पाहायला आणि शोधायला कितीतरी बरा आहे, आणि त्यातून थ्रेडही उतरवता येतो. पण सर्व्हरवरील संग्रहावर पूर्ण भिस्त ठेवणाऱ्याने याहू ग्रुप्सचे काय झाले ते आठवावे. २०१९ च्या ऑक्टोबरात जुना मजकूर काढून टाकण्याची घोषणा झाली आणि आपापल्या गटाचा इतिहास उतरवून घेण्यासाठी लोकांना मोजके महिने मिळाले. २०२० च्या डिसेंबरात ती सेवाच संपली.

आता पब्लिक-इनबॉक्स, म्हणजे लिस्टचा संग्रह ठेवून तो सर्वांना खुला करणारे सॉफ्टवेअर. लिनक्स कर्नलच्या चर्चांचा जो सार्वजनिक संग्रह २०१८ पासून उपलब्ध आहे तो याच सॉफ्टवेअरवर चालतो. यातील प्रत्येक संदेश गिटच्या, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाच्या, भांडारात जातो, प्रत्येक संदेशाचा वेबपत्ता त्याच्या मेसेज-आयडीवरून बनतो, आणि तोच संग्रह वेब, न्यूजसर्व्हर व आयमॅप (सर्व्हरवरची मेल वाचण्याची पद्धत) अशा निरनिराळ्या दारांनी वाचता येतो. मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी की संग्रह पूर्णपणे उतरवून घेणे हा इथे अपवाद नाही, तो नेहमीचा व्यवहार आहे: कोणीही संपूर्ण भांडाराची प्रत काढावी, ती रोज अद्ययावत ठेवावी आणि वाटल्यास स्वतःच्या सर्व्हरवर तसाच संग्रह उभा करावा. मोठ्या लिस्टसाठी भांडाराचे सुमारे एक जीबीचे तुकडे केले जातात, त्यामुळे जुने तुकडे एकदा उतरवले की पुन्हा हात लावावा लागत नाही. कर्नलच्या मुख्य लिस्टचा हा संग्रह उभारताना सुरुवातीच्या वर्षांतील रिकाम्या जागा भरण्यासाठी व्यक्तींकडे वैयक्तिकरीत्या जपलेले संदेशही मागवले गेले होते. कोणातरी सभासदाने आपल्या घरच्या डिस्कवर ठेवलेली प्रत सार्वजनिक इतिहासाच्या कामी येते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण मला माहीत नाही.

याच प्रकल्पातील ‘लेई’ हे साधन वाचकाच्या बाजूने काम करते. एखाद्या विशिष्ट फाइलचा उल्लेख असलेले किंवा एखाद्या व्यक्तीने गेल्या दोन महिन्यांत लिहिलेले संदेश आणि त्यांचे पूर्ण थ्रेड, असा शोध एकदा जपून ठेवला की नंतर एका आज्ञेने नवे संदेश स्थानिक फोल्डरमध्ये येऊन पडतात. लिस्टला सबस्क्राइब करण्याऐवजी शोधाला सबस्क्राइब करणे, अशी ही कल्पना आहे. जिथे हजार संदेशांतले पाचच आपल्या कामाचे असतात तिथे तिने माझा रोजचा एक तास वाचवला. अडचणी दोन आहेत. लिस्टचा संग्रह पब्लिक-इनबॉक्सवर असेल तरच त्याचा पूर्ण लाभ मिळतो, आणि सगळा कारभार टर्मिनलच्या खिडकीत टंकायच्या आज्ञांच्या ओळींवर चालतो. ज्यांना टर्मिनल उघडताना संकोच वाटतो त्यांनी या वाटेला जाऊ नये. पुस्तिका नेमक्या आहेत, पण त्या हात धरून शिकवत नाहीत.

माझी स्वतःची कायमची मांडणी मात्र यापेक्षा जुनी आहे: एमबीसिंक या कार्यक्रमाने सर्व्हरवरचे संदेश उतरवणे, ते मेलडिरमध्ये ठेवणे, नॉटमचने त्यांची सूची करणे आणि मट या टर्मिनलमधल्या मेल-कार्यक्रमात वाचणे. मेलडिर ही क्यूमेल या मेल-सर्व्हरबरोबर आलेली मांडणी असून तिच्यात प्रत्येक संदेशाची स्वतंत्र फाइल असते. नवे, मेल-कार्यक्रमाने एकदा पाहून घेतलेले आणि अर्धवट उतरलेले यांसाठी तीन उपफोल्डर असतात, आणि संदेश वाचला की नाही, त्याला उत्तर दिले की नाही हे फाइलच्या नावातच लिहिलेले असते. एखादी फाइल बिघडली तर एकच संदेश जातो, सगळा फोल्डर नव्हे. बॅकअपमध्ये फक्त नव्या फाइल जातात. याची किंमत अशी की लाखभर बारीक फाइल एका डिस्कवरून दुसरीवर नेताना संयमाची परीक्षा होते, आणि फाइलच्या नावात अपूर्णविराम येत असल्यामुळे विंडोजवर ही मांडणी जशीच्या तशी ठेवता येत नाही.

नॉटमच २००९ साली आले. ते संदेशाच्या फाइलमधला मजकूर कधीच बदलत नाही. फक्त वाचते, झापियन या शोधासाठीच्या तयार सॉफ्टवेअर-संचाच्या साहाय्याने सूची करते आणि लेबले लावू देते. सूची उद्या नष्ट झाली तर मूळ फाइलवरून ती पुन्हा तयार होते. लेबले मात्र मुख्यतः त्या सूचीतच राहतात, म्हणून लेबले फाइलमध्ये उतरवणारी ‘डंप’ ही आज्ञा बॅकअपच्या वेळापत्रकात घालणे विसरू नये. मी विसरलो होतो आणि दोन वर्षांची वर्गवारी पुन्हा हाताने करावी लागली, ज्यात दोष सर्वस्वी माझा होता. आणखी एक खाचखळगा सांगायला हवा. कोणी उत्तर देताना लिस्टला आणि आपल्यालाही थेट प्रत पाठवली, तर एकाच मेसेज-आयडीच्या दोन फाइल येतात. नॉटमच त्यांना एकच संदेश मानते, ते योग्यही आहे, पण थेट आलेल्या प्रतीत लिस्ट-आयडीची ओळ नसते. म्हणून दुसरी प्रत ‘अनावश्यक’ समजून पुसू नये.

आपल्या लिपीत लिहिणाऱ्या वाचकांसाठी सूचीचे महत्त्व विशेष आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते. मेल पाठवताना अशी चिन्हे साध्या इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत बदलली जातात; संदेश कोटेड-प्रिंटेबल पद्धतीने पाठवला गेला तर त्या तीन बाइटची नऊ अक्षरे होतात, आणि बेस-६४ पद्धतीने गेला तर मजकूर पूर्णपणे ओळखू न येण्यासारखा होतो. त्यामुळे मूळ फाइलमध्ये साध्या मजकूर-शोधाने मराठी शब्द शोधला तर तो सापडत नाही, इंग्रजी शब्द मात्र बहुधा सापडतो, आणि संदेश हरवला असा आपला गैरसमज होतो. संदेश उलगडून मग सूची करणारे साधन घेतले तर हा प्रश्न उरत नाही. साधन निवडण्यापूर्वी स्वतःच्या संग्रहातील एखादा मराठी शब्द शोधून पाहावा. दोन मिनिटांच्या या चाचणीत काही नावाजलेले कार्यक्रमही माझ्याकडे नापास झाले आहेत.

लेखकाच्या नावावरून शोधणाऱ्यांनी २०१४ चा एप्रिल महिना लक्षात ठेवावा. त्या महिन्यात याहू आणि एओएल यांनी डीमार्कचे, म्हणजे प्रेषकाचा पत्ता खरा आहे का हे तपासण्याच्या पद्धतीचे, कडक धोरण लागू केले, आणि तेव्हापासून अनेक लिस्ट प्रेषकाच्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालून ‘अमुक यांच्याकडून, लिस्टमार्फत’ असे लिहू लागल्या. अशा संदेशांत खरा पत्ता बहुधा ‘रिप्लाय-टू’ किंवा ‘सीसी’ मध्ये सापडतो, त्यामुळे केवळ प्रेषकाच्या ओळीवरचा शोध निम्मे उत्तर देतो.

जागेची काळजी मात्र कोणी करू नये. साध्या मजकुराचा संदेश हेडरसह आठ केबीचा धरला तर लाख संदेशांना सुमारे ८०० एमबी लागतात, आणि एकमेकांची अवतरणे पुन्हापुन्हा येत असल्यामुळे ते संकुचित केल्यावर बरेच लहान होतात. काळजी करायची ती दुसऱ्याच गोष्टीची: बंद लिस्टचा संग्रह आपल्याजवळ असणे म्हणजे तो प्रसिद्ध करण्याचा अधिकार असणे नव्हे, आणि त्यात इतरांचे पत्ते असल्यामुळे तो कूटबद्ध डिस्कवरच ठेवावा.

एक-दोन लिस्ट वाचणाऱ्याने वेबमेलमध्ये राहून वर्षाला एकदा एमबॉक्स उतरवावा. अधिक वाचणाऱ्याने थंडरबर्ड घ्यावे आणि लिस्टचे फोल्डर आयमॅप सर्व्हरवर ठेवून त्यांची मेलडिर प्रत निराळ्या कार्यक्रमाने काढावी. टर्मिनलची सवय असणाऱ्याने नॉटमच आणि लेई यांच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. तिन्ही प्रकारांत पहिल्याच दिवशी करण्याची एक मांडणी सर्वांना सारखी आहे. एमबीसिंक किंवा तत्सम कार्यक्रम दोन्ही बाजू एकसारख्या ठेवण्याच्या बेताने लावला असेल, तर फोनवर घाईत पुसलेला थ्रेड संग्रहातूनही पुसला जातो. म्हणून संग्रहाच्या प्रतीसाठी फक्त नवे संदेश एकाच दिशेने ओढून घेण्याचा पर्याय लावावा आणि पुसण्याचा आदेश पलीकडे जाऊ देऊ नये. याचा तोटा असा की फोनवर वाचलेला संदेश संग्रहात न वाचलेलाच दिसतो आणि मला तो दर रविवारी तिथे एका आज्ञेने ‘वाचलेला’ करावा लागतो. त्यावर समाधानकारक उपाय मला अजून मिळालेला नाही.